कोणत्या कन्सोलवर खेळलात, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून व्हिडिओ गेम्सवर नियमित मजकूर येऊ लागला आहे, याचे मनापासून स्वागत. मराठी दैनिकांत या माध्यमाचा विषय निघाला, की तो बहुतेक वेळा मुलांच्या व्यसनापाशी येऊन थांबतो. गेम हीही कोणीतरी विचारपूर्वक घडवलेली कलाकृती असते आणि तिचे गुणदोष जाणकाराने सांगायचे असतात, ही भूमिका आपण घेतलीत, हे मोलाचे आहे. मात्र या मजकुरात एक गोष्ट सातत्याने खटकते. गेमचे नाव, दोन-तीन ओळींत कथानक आणि शेवटी परदेशी संकेतस्थळावरून घेतलेला शंभरपैकी आकडा, एवढ्यावर शिफारस संपते. लिहिणाऱ्याने तो गेम कोणत्या यंत्रावर खेळला, कुठवर खेळला आणि त्याची प्रत त्याला कोणाकडून मिळाली, याचा पत्ताच नसतो. या तीन गोष्टींवाचून गेमचे परीक्षण अपुरे राहते, असे माझे ठाम मत आहे.

'सायबरपंक 2077' चे उदाहरण अजून अनेकांच्या लक्षात असेल. डिसेंबर 2020 मध्ये हा गेम बाजारात येण्यापूर्वी समीक्षकांना केवळ पर्सनल कॉम्प्युटरवरची प्रत देण्यात आली होती आणि स्वतः खेळताना टिपलेली दृश्ये दाखवण्यावरही सुरुवातीला बंधन होते. शक्तिशाली कॉम्प्युटरवर खेळून लिहिलेली ती परीक्षणे बहुतांशी कौतुकाची होती. ती वाचून ज्यांनी प्लेस्टेशन 4 किंवा एक्सबॉक्स वन या कन्सोलसाठी, म्हणजे खास गेम खेळण्यासाठीच बनवलेल्या यंत्रासाठी, गेम घेतला, त्यांच्या पडद्यावर चेहरे धूसर राहत होते, चित्र अडखळत होते आणि गेम मध्येच बंद पडत होता. अवघ्या आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो परत आला थेट जून 2021 मध्ये. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याच्या कॉम्प्युटर आवृत्तीला 86 आणि प्लेस्टेशन 4 आवृत्तीला 57 गुण आहेत. नाव एक, कथा एक, आणि गुणांत जवळपास तीसचा फरक. ज्या थोड्या समीक्षकांनी 'आम्ही कन्सोलवरची आवृत्ती पाहिलेली नाही' असे तेव्हाच स्पष्ट लिहिले होते, त्यांचे ते एक वाक्य बाकीच्या सगळ्या स्तुतीपेक्षा वाचकाच्या जास्त उपयोगाचे होते. भारतात नव्या मोठ्या गेमची किंमत पाच हजारांच्या घरात असते. मध्यमवर्गीय घरात वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच होणारी ही खरेदी असते आणि फोडलेली डिस्क दुकानदार सहसा परत घेत नाही.

हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या बाबतीत तर यंत्राचा तपशील आणखीच महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे पडदा, बॅटरी आणि भोवतालचा उजेड हेही गेमचेच भाग होऊन बसतात. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा गेम बॉय ॲडव्हान्स हा असा कन्सोल 2001 मध्ये आला, तेव्हा त्याच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नव्हता. त्याच्यासोबत सुरुवातीलाच आलेल्या 'कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून' या गेमची समीक्षकांनी भरभरून स्तुती केली. पण त्यातला किल्ला, तळघरे आणि राक्षस अशा गडद रंगांत रंगवले होते, की दिव्याखाली बसून, यंत्र विशिष्ट कोनात तिरके धरल्याशिवाय समोरून कोण चालून येत आहे, हेच कळत नसे. अनेक समीक्षकांनी स्तुतीबरोबरच ही अडचणही नोंदवली होती, आणि समीक्षकाचे काम मी यालाच म्हणतो. 2003 मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स एसपी हे प्रकाशाची सोय असलेले यंत्र आले आणि तोच गेम, त्यातले एक चित्रही न बदलता, सुखाने खेळता येऊ लागला. अलीकडचे उदाहरण 'द विचर 3' चे. हा प्रचंड गेम 2019 मध्ये निन्टेन्डो स्विचसारख्या, हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायच्या छोट्या यंत्रावर उतरवला, याचे समीक्षकांना वाटलेले नवल रास्तच होते. परंतु टीव्हीला जोडल्यावर दिसणारे चित्र आणि हातात धरल्यावर दिसणारे चित्र यांत बराच फरक आहे. माझा भाचा स्विचवर असले संवादप्रधान गेम खेळतो, तेव्हा खालची अक्षरे वाचण्यासाठी यंत्र नाकाजवळ नेतो आणि लढाई सुरू झाली, की पुन्हा लांब धरतो. टीव्हीसमोर बसून लिहिलेल्या परीक्षणात ही गोष्ट येणारच नाही, आणि पालकांना तर नेमकी हीच माहिती हवी असते.

आता आकड्यांविषयी. मेटाक्रिटिक 2001 पासून निरनिराळ्या प्रकाशनांचे अभिप्राय शंभराच्या मापात बसवून त्यांची सरासरी काढते. पाचपैकी चार तारे दिले, तर त्याचे 80 होतात. लिहिणाऱ्याच्या मनात ऐंशीच होते का, हे कोणी विचारत नाही. कोणत्या प्रकाशनाला किती वजन द्यायचे हे ते संकेतस्थळच ठरवते आणि ते जाहीर करत नाही. व्यवहारात सत्तरच्या खाली गेलेला गेम फसला असे मानण्याची सवय लागली आहे, त्यामुळे शंभराचे माप प्रत्यक्षात तीसचेच उरते. एवढ्या कच्च्या आकड्यावर माणसांचे पैसेही अवलंबून राहिले आहेत. 2010 मध्ये आलेल्या 'फॉलआउट: न्यू वेगास' ला मेटाक्रिटिकवर 85 मिळाले असते, तर तो घडवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला प्रकाशकाकडून बोनस मिळणार होता, मिळाले 84. त्या कंपनीच्या एका प्रमुखानेच 2012 मध्ये ही गोष्ट उघड केली. सुरुवातीच्या तांत्रिक दोषांमुळे समीक्षकांनी गुण कापले होते आणि ते चुकीचे नव्हते, पण दोष दुरुस्त झाले तरी आकडा आहे तिथेच राहिला. आज हा गेम रोल-प्लेइंग, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या, प्रकारातल्या उत्तम गेम्समध्ये गणला जातो.

आकडे द्यायचेच असतील, तर जपानच्या 'फामित्सु' या नियतकालिकाची पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. तिथे चार समीक्षक एकच गेम खेळून प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चौघांचे छोटे अभिप्राय शेजारी-शेजारी छापले जातात. एकाला नऊ वाटले आणि दुसऱ्याला सहा, हे वाचकाला समोर दिसते. चाळीसपैकी चाळीस गुण तिथे सर्वप्रथम 1998 मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' ला मिळाले. पुढे पैकीच्या पैकी गुणांची खैरात वाढत गेली, ही गोष्ट वेगळी.

खेळाडूंनीच दिलेले गुण बघावेत, समीक्षक हवेत कशाला, असेही काही जण म्हणतात. जून 2020 मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' प्रसिद्ध झाला, त्याच दिवशी हजारो लोकांनी त्याला अत्यल्प गुण देऊन टाकले. पूर्ण व्हायला पंचवीस-तीस तास लागणारा गेम त्यांतल्या बहुतेकांनी तोवर संपवलेला असणे शक्यच नव्हते. त्यानंतर मेटाक्रिटिकने प्रकाशनानंतरचे पहिले 36 तास खेळाडूंचे गुण न स्वीकारण्याचा नियम केला. कुठवर खेळलात हे विचारण्याची गरज आहे ती यासाठी.

प्रत कोणी दिली, हा प्रश्नही आगाऊपणाचा नाही, कारण गेम विकणाऱ्या कंपनीशी असलेल्या व्यवहाराचा दबाव परीक्षणावर येऊ शकतो. 2007 मध्ये गेमस्पॉट या संकेतस्थळाचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' या गेमवर प्रतिकूल परीक्षण लिहिले. त्याच गेमच्या जाहिराती त्या वेळी संकेतस्थळावर झळकत होत्या. त्यांना नोकरी गमवावी लागली आणि त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता, हे त्यांनी 2012 मध्ये सविस्तर सांगितले.

या साऱ्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे, तो पुण्यामुळे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम ऑगस्ट 2020 मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग इतर यंत्रांवर आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली एक कसरतपटू मुलगी, तिच्या प्रवासावर आपसांत बोलणारे विष्णू आणि दुर्गा, राजस्थानी वळणाचे महाल आणि मधूनमधून कथा पुढे नेणारी छायाबाहुल्यांची दृश्ये, असा त्याचा थाट आहे. परदेशी समीक्षकांनी दृश्यरचना आणि संगीत वाखाणले, लढाईतला अवघडलेपणा आणि अचानक येणारा शेवट यांवर बोट ठेवले, आणि दोन्ही मते मला पटतात. तरीही सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्याने पडद्यामागून हलताना पाहिल्या आहेत, अशा मराठी समीक्षकाला या छायादृश्यांविषयी लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या समीक्षकापेक्षा निश्चितच अधिक सांगता आले असते. ते सविस्तर लेखन माझ्या तरी वाचनात आले नाही. शिवाय ज्या यंत्रावर हा गेम आधी आला, ते यंत्र त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते, ही साधी माहितीसुद्धा इथल्या वाचकासाठी परीक्षणात यायला हवी होती.

मराठी वृत्तपत्रांना नाट्यसमीक्षेची मोठी परंपरा आहे. नाटक बसायला वेळ लागतो, हे जाणून आपले समीक्षक शुभारंभाच्या प्रयोगावर लिहिताना तसा उल्लेख करत आले आहेत. गेमच्या परीक्षणाशेजारीही एक छोटी चौकट छापावी, अशी माझी विनंती आहे: यंत्र कोणते, टीव्हीवर की हातात धरून, किती तास खेळून झाले, गेम पूर्ण केला की नाही, आणि प्रत विकत घेतली की कंपनीने दिली. त्यासाठी दर रविवारी परीक्षण छापण्याचा आग्रह सोडावा लागला, तरी चालेल. चाळीस तासांचा गेम नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संपवायला तीन-चार आठवडे सहज लागतात. तेव्हा महिन्याला एकच गेम घ्यावा, लिहिणाऱ्याला तेवढी सवड आणि तितके मानधन द्यावे, आणि सहा महिन्यांनी दुरुस्त्या होऊन तो गेम सुधारला असेल, तर त्यावर पुन्हा चार ओळी छापाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक