ड्रॉवरमधला प्लेअर एवढ्यात भंगारात काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरातून लगेच बाहेर काढायच्या वस्तूंची यादी होती, त्यात तुटक्या रिमोटच्या आणि मेलेल्या चार्जरच्या रांगेत एमपीथ्री प्लेअर पण नेऊन बसवलाय, आणि कारण काय तर म्हणे फोनमध्ये सगळं असतंच. एका ओळीत निकाल. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर कापा, पण बॅटरीबद्दल शेवटी लिहिलंय तेवढं तरी छापा.

माझ्याकडे असे दोन आहेत. एक छोट्या स्क्रीनचा, पंधराएक वर्षं जुना, ज्याच्या पुढच्या बटणावरचा बाण केव्हाच पुसला गेलाय. दुसरा बिनस्क्रीनचा, बोटभर, शर्टाला चिमट्याने लावायचा, तो आता आईने ताब्यात घेतलाय. तिला फोनवर गाणं लावायचं म्हणजे आधी चष्मा शोधा, मग लॉक उघडा, मग अ‍ॅप, मग जाहिरात आली की ती कुठे बंद होते ते बघा. ह्या डबीला बटणं चारच, अंधारातसुद्धा अंगठ्याला कळतात. ती म्हणते, ह्याला काही विचारावं लागत नाही आणि हा पण मला काही विचारत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की गाणी ऐकायला एक वेगळी वस्तू असण्यात फायदा आहे आणि तो फायदा फोन देऊ शकत नाही, कितीही महागडा घ्या. फोनवर अंतरा रंगात आला की नेमका कोणाचा तरी मेसेज टिंग करतो, तो बघायला म्हणून फोन हातात घेतो आणि वीस मिनिटांनी लक्षात येतं की गाणं कधीच संपलं, आपण भलतंच काहीतरी बघत बसलोय. प्लेअरला मेसेज येतच नाहीत ना! आणि ऑनलाइन गाण्यांचं अजून एक, आपण मेहनतीने यादी बनवतो आणि एक दिवस त्यातली दोन गाणी राखाडी होऊन बसतात, कारण त्या अ‍ॅपचे त्या गाण्याचे हक्क संपले. मेमरीत उतरवलेली फाइल कुठे जात नाही.

हे म्हणताना माझाच एक पचका सांगतो. नवीन कॉम्प्युटर आल्यावर जुना प्लेअर त्याला जोडला, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरने विचारलं की हा दुसऱ्या लायब्ररीशी (म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या गाण्यांच्या साठ्याशी) जोडलेला आहे, पुसून नव्याने सिंक करू का, म्हणजे इथे जे आहे तेच प्लेअरवर ठेवू का. मी घाईत होतो, हो म्हटलं. नव्या कॉम्प्युटरवर एक पण गाणं नव्हतं, त्यामुळे त्याने अगदी इमानदारीत रिकामी लायब्ररी माझ्या प्लेअरवर सिंक केली. दोन मिनिटांत पाच-सहा वर्षांची गाणी साफ. मेसेज काय होता ते मी नीट वाचलं नाही हे खरं, पण एवढा मोठा नांगर फिरवायचा तर दोनदा तरी विचारायचं की नाही? तेव्हापासून मी सिंक वगैरे भानगडीत पडत नाही, पेनड्राइव्हसारखा उघडणारा प्लेअर वापरतो आणि गाण्यांची एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर असते.

पेनड्राइव्हसारखे जे साधे प्लेअर असतात त्यांची पण एक खोड आहे. त्यातले बरेच गाणी नावाच्या क्रमाने लावतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल कार्डावर उतरल्या त्या क्रमाने वाजवतात. मी फाइलच्या नावांना 01, 02, 03 लावून थकलो तरी चौथं गाणं आधी आणि पहिलं शेवटी, मला वाटायचं यंत्रच बिघडलंय. उपाय असा की फोल्डर रिकामा करायचा आणि गाणी एकेक करून हव्या त्या क्रमाने टाकायची, किंवा क्रम लावून देणारे छोटे प्रोग्राम मिळतात ते चालवायचे. दुसरं म्हणजे देवनागरी. माझ्या प्लेअरमध्ये आपला फॉन्टच नाही, त्यामुळे मराठी गाण्याचं नाव म्हणजे नुसती चौकोनांची माळ. शेवटी बसून सगळे टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाण्यांची नावं, रोमनमध्ये केले, तर तिथे ल आणि ळ एकच, म्हणजे काल आणि काळ सारखेच दिसतात, गाणं सुरू होईपर्यंत कळत नाही कुठलं आहे. आता सवय झाली.

ह्या डब्यांचा इतिहास पण फार लोकांना माहीत नसतो, सगळ्यांना वाटतं अ‍ॅपलच्या आयपॉडनेच सुरुवात झाली. तसं नाही, 1998 मध्येच कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आला होता, 32 एमबीचा. नेहमीच्या दर्जाच्या (128 केबीपीएस) एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे त्यात जेमतेम अर्धा तास गाणी मावायची! त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीने रिओ नावाचा प्लेअर काढला तर रेकॉर्ड कंपन्यांची संघटना थेट कोर्टात गेली, विक्री थांबवा म्हणून. 1999 मध्ये अपिलाच्या कोर्टाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला, की स्वतःच्या कॉम्प्युटरवरची गाणी स्वतःसाठी अशा यंत्रात घेऊन फिरण्यात वावगं काही नाही. आयपॉड त्यानंतर, ऑक्टोबर 2001 मध्ये, 5 जीबी आणि खिशात हजार गाणी. आणि मे 2022 मध्ये अ‍ॅपलने शेवटचा आयपॉडही बंद केला, तेव्हा बऱ्याच जणांनी धरलं की प्लेअर हा प्रकारच संपला. सोनी अजून वॉकमन नावाने प्लेअर बनवते, बाकीही काही कंपन्या आहेत, फक्त जाहिराती दिसत नाहीत.

माझ्या मुलीने एकदा स्क्रीनवाला प्लेअर हातात घेतला, इकडून तिकडून बघितला आणि विचारलं, "बाबा, ह्यात सर्च कुठे करायचं?"
"नाही करायचं. जे भरलंय ते ऐकायचं."
"आणि नको असलेलं गाणं लागलं तर?"
"पुढचं बटण."
तिला ते फार गरीब वाटलं. बरोबरच आहे तिचं, नवीन गाणी तिला फोनवरच सापडतात आणि त्यातली चार-पाच मीच मागून घेऊन माझ्या प्लेअरमध्ये टाकलीत, त्यामुळे फोनला शिव्या देण्याचा मला तसा हक्क नाही. पण परीक्षेच्या दिवसांत तिनेच आपणहून फोन बाहेरच्या खोलीत ठेवला आणि प्लेअर मागितला. महिनाभर परत दिला नाही.

आता बॅटरीचं, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र. ज्यांचा प्लेअर वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडलाय त्यांनी आधी तो टेबलावर उताणा-पालथा ठेवून बघा. मागचं झाकण फुगलेलं असेल, कडेला फट पडली असेल किंवा टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलीये, अजिबात चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, ई-कचरा घेतात तिथे नेऊन द्या. तेवढ्यापुरती तुमची यादी मला मान्य आहे. फुगलेली नसेल तर चार्जरला लावून थोडा वेळ थांबा, पूर्ण उतरलेली बॅटरी पटकन जाग दाखवत नाही, मी पहिल्यांदा दहा मिनिटांत आशा सोडली होती आणि अर्ध्या तासाने स्क्रीन लागली. वापरायचा नसेल तरी शून्यावर ठेवू नका, साधारण अर्धा चार्ज करून बंद करून ठेवा आणि काही महिन्यांनी परत बघा, लिथियमची बॅटरी पार उतरलेली राहिली की कायमची जाते. मेमरी कार्ड नवीन घालणार असाल तर 32 जीबीपर्यंतचंच घाला, त्याहून मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात, जुन्या प्लेअरला ती वाचता येत नाहीत आणि मग लोक म्हणतात प्लेअर खराब.

आणि देऊन टाकायच्या आधी एकदा आतली गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, सॉफ्टवेअरने काही विचारलं तर आधी "नाही" दाबा आणि मग वाचा.

आपला,
एक नियमित वाचक