बाघचा ओढा आणि खोडलेले वाक्य

पुणे, ९ जानेवारी

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षे पत्र नाही, याची लाज आहेच. पण आज लिहिते आहे ते १९८३ सालच्या आपल्या भूशास्त्राच्या अहवालातून मी खोडलेल्या तुझ्या एका वाक्यापायी. माझे गुडघे आणि रक्तदाब जिथल्या तिथे आहेत, त्यांची चौकशी नको.

गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी मला मध्य प्रदेशातल्या आपल्या बाघला नेले. चिराखानकडचा आपला ओढा तसाच आहे. तळाशी निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक, वर कोरलाइन, म्हणजे प्रवाळी, चुनखडक हा भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोसांनी १८८४ साली मांडलेला क्रम मी तीस वर्षे पाढ्यासारखा शिकवला: नदीची वाळू, मग समुद्र आला, मग उथळ झाला, मग गेला. (कोरलाइनमध्ये प्रवाळ नावालाच असून बहुतेक ब्रायोझोआ, म्हणजे वसाहती करून राहणारे इवले समुद्रजीवच आहेत, यावरून तू सरांना छळले होतेस, ते आठवून मी एकटीच हसले.)

एका मुलीने गाठाळ चुनखडकातल्या एका पृष्ठभागावर हात ठेवून विचारले, ‘‘मॅडम, इथे किती काळ गेला?’’ मी वाकून पाहिले. विताएवढ्या जागेत तीन कालवे, म्हणजे शिंपल्यातले ते समुद्रजीव, खडकाला घट्ट चिकटलेली होती आणि शेजारच्या बिळात माझे बोट पेरापर्यंत गेले. कालव मऊ चिखलाला चिकटत नाही. म्हणजे वरचा थर साचण्याआधीच तो चिखल समुद्राच्या तळाशी कडक होऊन बसला होता आणि त्या काळात तिथे काहीच साचत नव्हते.

तू नेमके हेच लिहिले होतेस. ‘‘थर दिसतात, थांबणे दिसत नाही,’’ असे म्हणून मी ते खोडले आणि तू इंदूर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस, माझे लाडू मात्र संपवलेस.

साधारण नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी ध्रुवांवर बर्फ जवळजवळ नव्हता, सागरतळावर नव्या पर्वतरांगा उचलल्या जात होत्या, म्हणून पाणी खंडांवर चढले आणि पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरले, एवढे मी बरोबर सांगत आले. पण पाणी चढते तेव्हा नद्यांचा गाळ मागे सरकलेल्या किनाऱ्याशीच अडकतो आणि खोलवरचा तळ उपाशी राहतो, हे मी कधी सांगितलेच नाही. जाड थर म्हणजे मोठा काळ, हेच माझ्या मुलांच्या मनात बसले असणार. खरा काळ कधी कधी एका नखाएवढ्या रेषेत दडलेला असतो. त्यांतली काही मुले आज तेलाच्या शोधात विहिरींतून काढलेले खडकाचे गाभे वाचतात आणि अशा रेषांवरूनच एका विहिरीचा थर दुसरीशी जुळवतात. त्यांनी तिथे काय पाहिले आणि काय ओलांडले, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. कुणाकुणाला फोन करू?

तुझ्या ओसरीचे काम झाले का? धाकट्याचे लग्न ठरले, असे शीलाकडून कळले. फार आनंद झाला, तारीख कळव.

आणि तुझी ती खाकी वही जपून ठेवली असशील, तर त्या पानाचा फोटो पाठव. माझ्याकडच्या प्रतीवर मी इतके दाबून खोडले आहे की तुझे शब्द आता वाचताच येत नाहीत.

तुझीच,
विमल