घोषणापत्र आणि नाला

सॅन अँटोनिओ, टेक्सास
२ ऑक्टोबर

प्रिय दिलीप,

स. न. वि. वि.

तुमच्या नगरपालिकेतल्या सत्काराच्या ठरावावरून तू फोनवर एवढा तापला होतास की मला मध्ये बोलायला वावच मिळाला नाही. "ठराव म्हणजे नुसता कागद रे, पुढच्या सभेपर्यंत रद्दीत," असं तू म्हणालास. इकडे सध्या अशाच कागदांचा हंगाम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा अमेरिकेत 'हिस्पॅनिक वारसा महिना', म्हणजे स्पॅनिश भाषक मुळाच्या लोकांचा. महिना असा मध्येच का सुरू होतो, तर १५ सप्टेंबर हा ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन. १६ ला मेक्सिकोचा, १८ ला चिलीचा. १९६८ मध्ये जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना हा नुसता आठवडा होता, १९८८ मध्ये रेगन यांनी त्याचा महिना केला. या दिवसांत शहराशहरांतून घोषणापत्रं निघतात. भाषा आपल्या सरकारी कागदासारखीच, ज्याअर्थी अमुक, ज्याअर्थी तमुक, त्याअर्थी आम्ही जाहीर करतो की. महापौर वाचतात, फोटो होतो, टाळ्या पडतात.

आमच्या गावात मात्र हा प्रकार जरा विचित्रच दिसतो. इथली सुमारे ६४ टक्के वस्ती हिस्पॅनिक. गाव वसलं ते १७१८ मध्ये स्पॅनिश मिशनपाशी. १७३१ मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवरून कुटुंबं आली, त्यांच्या वसाहतीचं सॅन फर्नांडो चर्च आजही भर चौकात उभं आहे. टेक्सास अमेरिकेत सामील झालं त्यानंतर शंभरेक वर्षांनी. म्हणजे यजमानालाच पाहुणा म्हणून हार घालायचा, अशातली गत. आणि या यजमानांपैकी कुणी महापौर व्हायला १९८१ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी हेन्री सिस्नेरोस निवडून आले. त्याआधीचे हुआन सेगीन १८४२ मध्ये पायउतार झाले होते. मधली जवळजवळ १४० वर्षं कुठे गेली, हे घोषणापत्रात नसतं. तिथे खाद्यसंस्कृती असते, संगीत असतं, लष्करातली सेवा असते, उद्योजकता असते. सगळं खरंच आहे, पण सगळं गोड.

मला त्या कागदात शोधून सापडत नाही ती एमा तेनायुका. पेकन म्हणजे अक्रोडाच्या जातीचं फळ, टेक्सासचा तो मोठा धंदा. १९३०च्या दशकात ते फोडायचं काम वेस्ट साइडच्या, म्हणजे गावाच्या पश्चिमेकडच्या गरीब वस्तीतल्या, मेक्सिकन बायका करायच्या. अंधाऱ्या खोल्यांत बाकांवर दाटीवाटीने बसायचं, कवच फोडून गर अख्खा काढायचा. हवा यायला जागा नाही, टरफलांची तांबूस धूळ छातीत जायची, वस्तीत क्षयरोग ठाण मांडून बसलेला. मजुरी पौंडावर. अख्ख्या गराला सात सेंट आणि तुकड्याला सहा. ३१ जानेवारी १९३८ ला मालकांनी त्यातलाही एकेक सेंट कापला आणि सुमारे १२,००० लोक काम टाकून बाहेर आले. पुढारी कोण, तर ही एकवीस वर्षांची पोरगी. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शेकड्यांनी माणसं आत टाकली. अखेर लवाद बसला आणि कामगारांना थोडंफार मिळालं. पण त्याच वर्षी तासाला २५ सेंट किमान वेतनाचा देशव्यापी कायदा लागू झाला, आणि मालकांनी त्या हातांच्या जागी यंत्रं आणली. हजारोंची कामं गेली. एमा कम्युनिस्ट म्हणून १९३९ मध्ये तिच्या सभेवर जमाव चालून गेला, तिला मागच्या वाटेने बाहेर काढावं लागलं. पुढे गावात काम मिळेना म्हणून गाव सोडलं. कित्येक वर्षांनी परतली आणि शाळेत मास्तरीण झाली. १९९९ मध्ये वारली. आज तिची चित्रं भिंतींवर आहेत, तिच्यावर मुलांसाठी पुस्तकं आहेत. हयातीत तिच्या वाट्याला मात्र याच गावाची कोठडी आली होती.

आता दुसरी गोष्ट. ही मला शेजारच्या आजीने सांगितली, म्हणून तिच्या तोंडची चव देतो. वेस्ट साइडला नाले तुंबून दर पावसात घरात पाणी. १९२१ च्या पुरात मेलेल्यांत बहुतेक याच वस्तीतले, पण धरण बांधलं ते बाजारपेठ वाचवायला. पुढची पन्नास वर्षं नाल्याच्या योजना मंजूर होत राहिल्या आणि कपाटात पडत राहिल्या (हे तुला नव्याने सांगायला नको). १९७४ मध्ये तिथल्या चर्चांमधून 'कॉप्स' नावाची संघटना उभी राहिली. पुढारी बहुतेक बायका, गृहिणीच. त्यांनी जुने कागद उकरून काढले आणि सिटी मॅनेजरपुढे (आपल्याकडचे आयुक्त म्हण) आपटले. नाल्यांचे पैसे सुटले. पण त्यांना बाकीचंही हवं होतं, रस्ते, फूटपाथ, आणि शहरातले बडे व्यापारी भेटायलाही तयार नव्हते. म्हणून १९७५ मध्ये या बायका जोस्केज या उंची दुकानात घुसल्या आणि दिवसभर कोट घालून बघत बसल्या. विकत काही घ्यायचं नाही, नुसतं "याच्यात मोठा साइज आहे का हो?" आजी म्हणते, फरचा कोट तिने जन्मात त्या एकाच दिवशी घातला, आणि उकाड्याने जीव गेला. दुसरीकडे बँकेत रांग लावून डॉलरचे सुटे सेंट मागायचे, ते पुढच्या खिडकीवर देऊन परत डॉलर. बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत. वाटाघाटी झाल्या.

आणि तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. तोवर इथे सगळे नगरसेवक अख्ख्या शहरातून निवडून यायचे, त्यामुळे पैसेवाल्या उत्तरेकडच्यांची चलती. १९७७ मध्ये, केंद्राच्या न्याय विभागाने आक्षेप घेतल्यावर, दहा प्रभाग पडले. त्याच वर्षीच्या कौन्सिलात अकरापैकी पाच मेक्सिकन-अमेरिकन आणि एक कृष्णवर्णीय निवडून आले. सिस्नेरोस चार वर्षांनी महापौर झाले ते या जमिनीवर. एवढं मोठं झालं ते प्रभागाच्या रेघांनी, वारसा महिन्याने नाही.

जाता जाता एक गंमत. मी आजीला आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांबद्दल सांगितलं. इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतला माणूस मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर काम करू लागला, आणि तिथल्या नामांकित चित्रकार दिएगो रिवेराने त्याला भिंतीवर चितारला. तिला थाप वाटली. फोनवर ते भित्तिचित्र काढून दाखवलं, तेव्हा चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "मग तुझ्याकडे तॉर्तिया का नीट होत नाहीत?"

तर तुझ्या ठरावाबद्दल. त्याला विरोध करून काही मिळणार नाही, विरोध करणाऱ्यालाच लोक हलकट म्हणतात. मी तुझ्या जागी असतो तर उपसूचना मांडली असती. साठच्या दशकात नगरपालिकेसमोर मैल्याच्या टोपल्या ओतणाऱ्या आपल्या सफाई कामगारांची नावं त्यात घाला म्हणालो असतो. त्यांच्यावर झालेले खटले अजून लोकांना आठवतात. आता सभागृहात कुणाला बाक वाजवायला जड गेलं तर जाऊ दे, कार्यवृत्तात नोंद तर होईल. इथे माझी हिंमत होत नाही, मी पडलो व्हिसावरचा माणूस. तू तर तीनदा निवडून आलायस.

मसुदा व्हॉट्सॲपवर पाठव, शब्द मी बघून देतो. आणि काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं ते वेगळं कळव, तू नेहमी विसरतोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय