हिडकलचा मासा खावा का?

बेळगाव

प्रिय विन्या,

पत्र पोचलं. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ आलाय, मग मासा खायला भ्यायचं कशाला, असं तू ठणकावून विचारलंयस. अरे, तो रिपोर्ट पाण्यापुरता. डीडीटीसारखं कीटकनाशक, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी हे रसायन, ही मंडळी पाण्यात फारशी विरघळतच नाहीत. गाळाला चिकटतात, नाहीतर चरबीत जाऊन बसतात.

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये चिलटं मारायला १९४९, १९५४ आणि १९५७ साली डीडीडी, म्हणजे डीडीटीचंच भावंड, सोडलं. पाण्यात दहा लाख भागांत जेमतेम ०.०२ भाग. प्लवंगांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत, ते ५ च्या आसपास गेलं आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या चरबीत १६०० वर. पक्षी आपल्या टिबुकलीच्याच कुळातले. ते मरून पडायला लागले, तेव्हा कुठे लोक जागे झाले.

गंमत बघ की. छोटा मासा ढीगभर प्लवंग खातो. त्यातलं बरंचसं हिंडण्या-फिरण्यात जळून जातं, पण हे विष ना जळतं ना सहज बाहेर पडतं. मग त्या माशाला मोठा खातो. साखळीत जितक्या पायऱ्या, तितकं वरच्याच्या अंगात जास्त. ऑन्टारिओतल्या तळ्यांवरच्या १९९० च्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं: मधे कोळंबीसारखा जीव आणि छोटे मासे असलेल्या तळ्यातल्या ट्राउटमध्ये पीसीबी जास्त, त्या पायऱ्या नसलेल्या तळ्यात कमी. मासा तोच! मला तर हे क्लिअर लेकपेक्षाही पटतं.

आणि हे परदेशातलं म्हणून सोडू नकोस. लहानपणी मलेरियावाले भिंतींवर डीडीटी मारून जायचे, आठवतंय? शेतीत ते १९८९ पासून बंद, बीएचसी हे तसलंच दुसरं कीटकनाशक १९९७ पासून. पण माती इतक्या लवकर विसरत नाही, आणि पावसाळ्यात शिवारातली माती घटप्रभेतून शेवटी धरणाच्या तळाशीच जाते. हिडकलच्या माशावर मी आळ घेत नाही हं, मासेमारांच्या पोटावर पाय कशाला? पण निवडायचंच तर मी कटला किंवा रोहू घेईन. कटला प्लवंगांवर जगतो, रोहू बराचसा शेवाळावर. मरळ दुसरे मासे गिळते, त्यात म्हातारी मोठी मरळ म्हणजे वर्षानुवर्षांचा साठा. कातडी आणि पोटाकडची चरबी काढली की यातलं थोडं कमी होतं. कालवणात नुसतं शिजवून हे विष जात नाही.

तेव्हा दिवाळीला आलास की मरळीचा हट्ट धरायचा नाही. कटल्याचं कालवण आई करते म्हणालीय. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू