नव्या पुस्तकांसाठी वाचनालयाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

लालबाग-परळ परिसरातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या वतीने हे आवाहन आजी-माजी सभासदांना, येथून उपनगरांत राहायला गेलेल्या कुटुंबांना आणि मराठी पुस्तकांविषयी आस्था असणाऱ्या सर्वांना करीत आहोत. वाचनालयाला नवी, कोरी पुस्तके हवी आहेत. कथा-कादंबऱ्या हव्याच आहेत, परंतु त्याहूनही अधिक निकड माहितीपर, वैचारिक व विज्ञानविषयक पुस्तकांची आणि बालवाङ्मयाची आहे.

जुनी पुस्तके स्वीकारणे आम्ही सध्या थांबवले आहे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. परिसरातील चाळी एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करण्याची तारीख जवळ आली की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, त्यांतली पुस्तके रद्दीवाल्याला देण्यास मन धजत नाही आणि मग ती वाचनालयात येतात. यामागच्या भावनेचा आम्हाला आदर आहे, आणि अशा देणगीतून काही दुर्मीळ नियतकालिकांचे अंक संदर्भ विभागाला मिळाले, हेही खरे. मात्र बहुतेक गठ्ठ्यांत त्याच त्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती, पाठ्यपुस्तके, कंपन्यांच्या जुन्या डायऱ्या, मुखपृष्ठ निघालेले दिवाळी अंक आणि 'विंडोज ९८' शिकवणारी मार्गदर्शके असतात. एखाद्या गठ्ठ्यातून कसर आली की ती शेजारच्या कपाटातही शिरते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या कागदावर बुरशी चढायला चार दिवस पुरतात. पोटमाळ्यावर आता पाय ठेवायला जागा नाही, आणि तरीही देवघेव खिडकीवर सभासद नवे काय आले असे विचारतात तेव्हा ग्रंथपालांना बहुतेक वेळा नकारार्थी मान हलवावी लागते.

कथा-कादंबरी जुनी झाली तरी वाचता येते. माहितीपर पुस्तकांचे तसे नसते, आणि आमच्या कपाटांची खरी दुरवस्था तेथेच आहे. भूगोलाच्या कपाटातील सर्वांत जाड नकाशासंग्रहात तेलंगण राज्य नाही, कारण ते २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले आणि हा संग्रह त्याआधीचा आहे. त्यात जम्मू-काश्मीर राज्य म्हणूनच दाखवलेले आहे, तर महाराष्ट्राच्या नकाशावर पालघर जिल्ह्याचा पत्ता नाही. आज देशात २८ राज्ये व ८ केंद्रशासित प्रदेश आहेत, हे या कपाटातील एकाही पुस्तकातून विद्यार्थ्याला कळणार नाही. कायद्याच्या कपाटात भारतीय दंड संहितेवरची पुस्तके ओळीने उभी आहेत, परंतु १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. त्याच दिवसापासून फौजदारी प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही बदलला. पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात जाण्याची वेळ आलेला सामान्य माणूस कलम शोधायला येतो, तेव्हा जुने पुस्तक हातात देणे म्हणजे त्याची दिशाभूल करणे होय. आम्ही ती पुस्तके बाजूला काढली आहेत आणि ते कपाट सध्या निम्मे रिकामे आहे.

मुलांच्या विभागातील स्थिती याहून हळहळ लावणारी आहे. चंद्रावरची आमची सर्वांत अलीकडची दोन पुस्तके २००८ च्या चांद्रयान-१ पाशी संपतात. चांद्रयान-३ चे लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, ते ज्या मुलांनी शाळेत पडद्यावर पाहिले, त्यांच्याच हातात आम्ही ही पुस्तके देतो. मुले ती चाळतात आणि काही न बोलता परत ठेवतात. दुसऱ्यांदा ती विचारायला येत नाहीत.

वर्गणीतून पुस्तके का घेत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयाला त्याच्या वर्गानुसार शासनाचे अनुदान मिळते. आमच्या बाबतीत अनुदान आणि वर्गणी मिळून कर्मचाऱ्यांचे वेतन, वीज, वर्तमानपत्रे, बांधणी व किरकोळ दुरुस्ती यांचा मेळ कसाबसा बसतो, आणि पुस्तकखरेदीला जे उरते त्यात वर्षभरात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांपैकी अगदी मोजकी घेता येतात. वर्गणी वाढवण्याचा विचार मंडळाने केला होता, पण ज्यांना वाचनालयाची सर्वाधिक गरज आहे असेच सभासद त्यामुळे गळतील, हे ध्यानात आल्यावर तो सोडून दिला. दरम्यान पुस्तकांच्या किमती वाढत गेल्या आहेत. मध्यम आकाराची नवी मराठी कादंबरी आता साधारण तीनशे ते पाचशे रुपयांच्या घरात जाते, आणि चांगल्या चित्रांचे माहितीपर पुस्तक त्याहून महाग पडते.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने चार ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते, आणि त्यांपैकी एक ग्रंथालय मुंबईतच, फोर्टमधल्या टाऊन हॉलमध्ये आहे. ती व्यवस्था जतनासाठी आहे आणि ती असलीच पाहिजे. परंतु रात्री जेवणे आटोपल्यावर वाचायला घरी नेण्याचे पुस्तक वस्तीतल्या वाचनालयातूनच मिळू शकते, आणि वस्तीतल्या वाचनालयाला ते विकतच घ्यावे लागते. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा पाचशे-हजार प्रतींची असते, तेव्हा आपण वाचनालयासाठी घेतलेली एक प्रत लेखक-प्रकाशकांच्याही उपयोगी पडते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा परिसरात अभिनंदनाचे मोठमोठे फलक लागले होते. त्यांतल्या एखाद्या फलकाच्या खर्चात आमच्या मुलांच्या विभागाचे निदान एक कपाट भरले असते, एवढेच येथे नमूद करतो.

वाचक कोण आहेत, हे कळल्याशिवाय कोणते पुस्तक द्यावे हे ठरवणे अवघड जाईल. गिरण्या चालू होत्या तोवर पाळी सुटल्यावर येणारे कामगार आणि त्यांची मुले हाच येथील सभासदवर्ग होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर तो पांगत गेला आणि गिरण्यांच्या जागी मॉल, कार्यालये व मनोरे उभे राहिले. आज वाचनकक्षात सकाळी ज्येष्ठ नागरिक आणि दुपारपासून स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी बसतात. घरी टेबल-खुर्ची मांडायला जागा नाही, म्हणून हे विद्यार्थी येथे येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे बहुपर्यायी प्रश्नांच्या संचांचा त्यांना फारसा उपयोग उरलेला नाही. अर्थव्यवस्था, राज्यघटना, महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास, शेती, पर्यावरण या विषयांवर नीट विवेचन करणारी ग्रंथरूप पुस्तके ते मागतात. गाइडे देऊ नयेत अशी आमची विनंती आहे, कारण ती वर्षभरात कालबाह्य होतात.

जवळच केईएम आणि टाटा मेमोरियल ही रुग्णालये आहेत. तेथे उपचारांसाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक दुपारच्या वेळी आमच्या वाचनकक्षात येऊन बसतात. ते सभासद नसतात आणि त्यांच्याकडून आम्ही काही घेतही नाही. त्यांना लहान कथा, प्रवासवर्णने, विनोदी लेखन असे काहीतरी हवे असते, जे मध्येच मिटून ठेवता येईल आणि पुन्हा कोठूनही उघडता येईल. आजारांविषयी सोप्या मराठीत, डॉक्टरांनी लिहिलेली विश्वासार्ह पुस्तकेही ते आवर्जून मागतात. चमत्कारी उपचारांची पुस्तके मात्र आम्ही घेत नाही, मग ती कोणीही दिली तरी.

नोकरीला जाणाऱ्या महिला सभासदांनी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या ध्यानात आली नव्हती. त्या करी रोड किंवा परळला गाडीत चढतात, एका हाताने वरची कडी धरतात आणि दुसऱ्या हाताने पुस्तक वाचतात. त्यामुळे पुठ्ठा बांधणीचा सहाशे पानांचा ग्रंथ कितीही उत्तम असला तरी तो घरीच राहतो. एकाच पुस्तकाच्या दोन प्रकारच्या आवृत्त्या उपलब्ध असतील, तर साध्या बांधणीची, हलकी प्रत निवडावी. ज्येष्ठांची गरज नेमकी उलटी आहे. त्यांना वजनाचे काही वाटत नाही, पण टाइप मोठा आणि ओळींमधली जागा सैल हवी. मराठीत मोठ्या टाइपातली पुस्तके फार कमी निघतात, तेव्हा दुकानात पुस्तक उघडून एक पान हात लांब करून वाचून पाहावे, एवढी कसोटी पुरेशी आहे.

सर्वांत कठीण वाचक म्हणजे इंग्रजी माध्यमात शिकणारी आपलीच मुले. ती घरात उत्तम मराठी बोलतात, पण जोडाक्षर आले की अडखळतात. दहा वर्षांच्या मुलाला वाचता येईल म्हणून पाच वर्षांच्या मुलाचे पुस्तक दिले, तर त्याला तो अपमान वाटतो. म्हणून वाक्ये सोपी, छपाई ठळक, पण विषय त्याच्या वयाचा, अशी पुस्तके हवीत: रहस्यकथा, क्रिकेट आणि बुद्धिबळ, किल्ले, समुद्रातले जीव, यंत्रे कशी चालतात, शास्त्रज्ञांच्या व खेळाडूंच्या गोष्टी. किशोरवयीन मुलींसाठी शरीर आणि आरोग्य या विषयांवर संकोच न ठेवता लिहिलेल्या पुस्तकांची मागणी मुलींच्या आयांनी हळू आवाजात केली आहे, ती आम्ही येथे मोकळेपणाने मांडतो.

कथा-कादंबऱ्यांच्या बाबतीत आमचा कोणताही सोवळेपणा नाही. गेल्या चार-पाच वर्षांत आलेल्या नव्या लेखकांच्या कादंबऱ्या आणि कथासंग्रह हवेत, तशाच गुप्तहेरकथा, भयकथा आणि विज्ञानकथाही हव्यात. कन्नड, बंगाली, मल्याळम, उर्दू अशा भाषांतून मराठीत आलेले अनुवाद येथे आवडीने वाचले जातात. गाजलेल्या जुन्या पुस्तकाची नवी कोरी प्रतही चालेल, कारण आमच्याकडील काही प्रती इतक्या वेळा बांधून झाल्या आहेत की शिलाईत ओळींची सुरुवात अडकते आणि वाचकाला पहिला शब्द अंदाजाने लावावा लागतो. कवितासंग्रह फारसे उचलले जात नाहीत, तरी त्यांचे कपाट बंद करायचे नाही असे मंडळाने ठरवले आहे. स्वतःचे पुस्तक भेट देऊ इच्छिणाऱ्या लेखकांचे स्वागत आहे, मात्र एकच प्रत द्यावी.

देवघेव खिडकीशेजारी मागणीवही ठेवलेली आहे. सभासद तीत हवे असलेले पुस्तक, लेखक आणि स्वतःचा सभासद क्रमांक लिहितात. काही नोंदींखाली दुसऱ्यांनी 'मलाही' असे लिहिलेले असते, आणि आमच्या लेखी खरेदीचा याहून चांगला निकष नाही. म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी ही वही पाहावी किंवा ग्रंथपालांना विचारावे. एकाच पुस्तकाच्या चार प्रती येण्याचे टळावे, यासाठी कोणी कोणते पुस्तक देणार आहे, याची नोंद वहीतच समासात केली जाते. निवडीच्या खटाटोपात पडायचे नसेल, तर तेवढी रक्कम पुस्तकनिधीत जमा करावी. हा निधी वेगळ्या खात्यात राहतो आणि त्यातून वेतन किंवा दुरुस्ती केली जात नाही. संस्थेला प्रकाशकांकडून सवलत मिळते, त्यामुळे त्याच रकमेत आम्हाला बहुधा थोडी अधिक पुस्तके आणता येतात. साहित्य अकादमी, नॅशनल बुक ट्रस्ट आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांची पुस्तके तुलनेने स्वस्त असतात, हे छोट्या रकमेची देणगी देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पदपथांवर कमी किमतीत मिळणाऱ्या, छायाप्रत काढून बांधलेल्या चोरट्या प्रती कृपया आणू नयेत. त्यांची दाखलनोंद आम्हाला करता येत नाही, आणि त्यांतून लेखकाला एक पैसाही मिळत नाही.

करसवलतीविषयी विचारणा होते, म्हणून तेही सांगतो. देणगीवरील प्राप्तिकर वजावट पुस्तकांच्या रूपातील देणगीला मिळत नाही, २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीलाही मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांना ती लागूच होत नाही. ज्यांना वजावट घ्यायची आहे त्यांनी धनादेशाने किंवा बँकेमार्फत रक्कम द्यावी आणि पावतीसाठी पॅन क्रमांक नोंदवावा. दिलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल क्रमांकासह पोच मिळेल. कोणाच्या स्मरणार्थ किंवा वाढदिवसानिमित्त पुस्तक दिले असल्यास तसा मजकूर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस लहान चिठ्ठीवर चिकटवला जाईल. छायाचित्र लावले जाणार नाही आणि कपाटांवर पाट्या बसवल्या जाणार नाहीत.

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, नव्या पुस्तकांची मांडणी वाचनकक्षात करण्याचा मानस आहे. दाखलनोंद, शिक्का, प्लॅस्टिकचे वेष्टन आणि तारखेची चिठ्ठी हे सगळे दोनच माणसांनी करायचे असल्याने पुस्तके व रकमा सप्टेंबरअखेर पोहोचल्यास सोयीचे होईल. त्यानंतर येणारी पुस्तकेही अर्थातच घेतली जातील. पुस्तके वाचनालयाच्या वेळेत देवघेव खिडकीवरच द्यावीत. दार बंद असताना पिशवी पायरीवर ठेवून जाऊ नये, कारण पन्हळीचे पाणी नेमके तेथेच पडते. ज्यांना येणे शक्य नाही अशा परिसरातील ज्येष्ठांनी निरोप पाठवल्यास आमचा शिपाई घरी येऊन पुस्तके घेऊन जाईल आणि पोच तेथेच देईल.

आपले,
कार्यकारी मंडळ व ग्रंथपाल