खजिनदार व्हायला सांगतायत मला

प्रिय बाळ्या,
सप्रेम सलाम.

फोन करणार होतो, दोनदा तुझा नंबर काढलाही, पण फोनवर मी हे बोलणार नाही हे मला माहितीय. तू "बोल ना" म्हणशील आणि मी नायगावला पाऊस किती आहे विचारून ठेवून देईन. म्हणून लिहितोय. रात्रीचे साडेअकरा झालेत, हिंदमाताला आज परत पाणी भरलं, लॅबच्या कलेक्शनच्या पोरासोबत सॅम्पलचा बॉक्स डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यातून आलो, पँट अजून दोरीवर ठिबकतेय. ही झोपली. मला झोप नाही.

तर झालंय असं की आबांनी चर्चची खजिनदारी सोडली. काचबिंदूने डोळ्यांचं पार वाटोळं झालंय, नोट हातात घेऊन शंभरची की दोनशेची विचारतात. आणि मागच्या रविवारी उपासना संपल्यावर पंचमंडळींनी मला आत बोलावलं, चहा दिला, सोबत क्रीम बिस्किट दिलं (तेव्हाच शंका आली) आणि म्हणाले, आबांच्या जागी तू ये. मी म्हटलं विचार करून सांगतो. घरी येईपर्यंत हिला कळलेलं होतं, कुणाची तरी बायको आधीच अभिनंदन करून गेली होती.

तुला आबांचं पैसे मोजणं आठवतं का? तू शेवटी कधी बघितलंस माहीत नाही. मागच्या खोलीतलं ते लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्र पसरायचं, मग दानाच्या थैल्या उपड्या करायच्या, नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, पाकिटं वेगळी. दहा-दहाच्या नाण्यांचे मनोरे. मासिक वर्गणीच्या पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचायचं, आतली रक्कम मात्र हळू आवाजात, म्हणजे बाहेर पॅसेजमध्ये चपला घालणाऱ्याला ऐकू जाऊ नये. मग वहीत दोन सह्या. एकदा त्यांच्यासोबत मोजायची पाळी माझी होती आणि मी लॅबमध्ये अडकलो, तासभर उशीर. आलो तर आबा थैल्या मांडीवर घेऊन बसलेत, एकाचीही नाडी सोडलेली नाही, पंखा बंद, घामाने भिजलेत. म्हटलं आबा, मोजून ठेवायचे ना, तुमच्यावर कोण संशय घेणारे? तर म्हणाले, "बारा जणांत पैशाची थैली कुणाकडे होती, आठव." बस. येशूच्या बारा शिष्यांतल्या यहूदाकडे थैली असायची आणि तो त्यातून घ्यायचा, हे बायबलात योहानाने लिहूनच ठेवलंय. शाळेत असताना मला वाटायचं यहूदा म्हणजे फक्त येशूला पकडून देण्याची तीस नाणी आणि ते चुंबन, थैलीचं लक्षातच आलं नव्हतं. तीस नाण्यांच्या आधी किती वेळा त्याने थैलीत हात घातला असेल, दोन-दोन पाच-पाच करून.

प्रेषित पौलाचंही तसंच. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तर ती एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, आणि करिंथकरांना दुसऱ्या पत्रात सरळ लिहिलं की या पैशाबद्दल कुणी आम्हाला बोट दाखवू नये म्हणून जपतोय, नुसतं देवापुढेच नाही तर माणसांपुढेही. बघ ना, हा माणूस तुरुंगात गेला, फटके खाल्ले, त्याच्यावर कोण संशय घेणार होतं? पण सोबत माणसं घेतलीच.

असो. विचार करून सांगतो म्हटलं होतं म्हणून रात्री बायबलातल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढला, अध्यक्ष आणि सेवक कसा असावा तो. आपण लग्नात नाहीतर दीक्षाविधीत ऐकतो आणि कान तिथे नसतो. यावेळी पेन्सिल घेऊन बसलो. आवाज मोठा असावा असं कुठे नाही. प्रार्थनेने आजार बरे करावेत असंही नाही. शिकवता यावं, एवढी एकच गोष्ट स्टेजवरची आहे, बाकी सगळं घरातलं नि गल्लीतलं. दारुडा नसावा, मारका नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, पाहुण्याला घरात घेणारा असावा, स्वतःची पोरं सांभाळता यावीत. म्हणजे हे बायकोला, शेजाऱ्याला, किराणावाल्याला विचारायचे प्रश्न आहेत. आणि सातव्या वचनात म्हटलंय की बाहेरच्या लोकांत त्याचं नाव चांगलं असलं पाहिजे. बाहेरच्या, म्हणजे जे मंडळीत नाहीत त्यांच्यात. तिथे माझी पेन्सिल थांबली.

बाळ्या, तुला मी कधी सांगितलं नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला मी काय करतो. लॅबमध्ये मी मॅनेजर आहे एवढंच तुला माहितीय. पाच तारखेला सर मला एक यादी देतात, कुठल्या डॉक्टरकडून किती पेशंट आले, आणि मी आतल्या खोलीत बसून पाकिटं भरतो. कुणाला तीस टक्के, कुणाला चाळीस. पाकिटावर नाव नाही, कोपऱ्यात पेन्सिलने एक अक्षर. मग पोरगा बाइकवरून वाटून येतो. याला आमच्या लाइनमध्ये कट म्हणतात, तुलाही शब्द माहीत असेल. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत याला चक्क बंदी आहे, २०१७ मध्ये आपल्या सरकारने कट प्रॅक्टिसविरोधात कायद्याचा मसुदासुद्धा करून घेतला होता, आणि पाकिटं चालूच आहेत. पैसा कुणाचा? त्या बाईचा, जिला गरज नसताना चार टेस्ट जास्त लिहून दिल्यात आणि जी काउंटरवर येऊन विचारते की यातली कुठली नंतर केली तर चालेल. मी तिला सांगतो, डॉक्टरांना विचारा.

अकरा वर्षं. मी घेत नाही, मी फक्त भरतो, असं स्वतःला सांगत आलो. आणि रविवारी तेच हात, तीच नोटा मोजायची पद्धत, अंगठ्याला थुंकी न लावता स्पंज वापरायचा. मागच्या डिसेंबरात बोर्डावर मी ते वचनांचं कॅलेंडर लावलं होतं, कलेक्शनचा पोरगा, मालवणचा आहे, साधा, गणपतीला सुट्टी मिळाली की खूश, तो पाकिटं घ्यायला आला आणि कॅलेंडरकडे बघून हसत म्हणाला, "सर, वर येशू आणि खाली पाकिटं, भारी जमलंय." मस्करीतच म्हणाला. मीही हसलो. पण बाहेरच्या लोकांत माझं नाव काय आहे ते मला त्या दिवशी कळलं होतं, सातव्या वचनासाठी चौकशी करायला कुठे लांब जायला नको.

आता त्या सभेचं बोलतो, ज्यासाठी खरं तर हे पत्र.

तू उभा राहिलास तेव्हा मी तुझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. छपराच्या दुरुस्तीचे पैसे, तीन वर्षं गोळा होत होते, कौल एकही बदललं नव्हतं, आणि तू फक्त हिशेब मागितलास. चोर म्हणाला नाहीस, आवाजही चढवला नाहीस, सुरुवातीला तरी. आणि पाळकसाहेब म्हणाले, अभिषिक्ताला, म्हणजे देवाने नेमलेल्याला, हात लावू नका असं शास्त्र सांगतं. आणि चाळीस माणसं गप्प. त्यात मी. तू माझ्याकडे बघितलंस ते मला दिसलं होतं बाळ्या. मी अजेंड्याचा कागद वाचत होतो. त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं.

तू मला कारण विचारलं नाहीस, सरळ यायचाच बंद झालास. कारण सांगतो, पटेल न पटेल. पप्पा हॉस्पिटलात होते तेव्हा हाच माणूस तीन रात्री त्यांच्या उशाशी बसला होता. मी दमून पॅसेजमध्ये लादीवर झोपलो होतो, पहाटे उठून आत गेलो तर साहेब पप्पांची उलटी स्वतः पुसत होते, मावशीला हाक न मारता, बाह्या वर करून. ते खोटं नव्हतं. आणि छपराच्या पैशाचा घोळ तोही खोटा नव्हता. एकाच माणसाचे दोन हात. मला तेव्हा वाटलं की पहिल्याची परतफेड म्हणजे दुसऱ्याबद्दल तोंड बंद ठेवणं. आणि दुसरं, जे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही, मी हिशेब मागायला उभा राहिलो असतो आणि कुणी मला म्हटलं असतं की तुझ्या पाच तारखेचा हिशेब दे, तर?

त्या अभिषिक्तवाल्या बोलण्याचं मी नंतर वाचून काढलं. दावीदाने शौल राजाला, तोही अभिषिक्तच, मारलं नाही, बरोबर, पण त्याच्या झग्याचा काठ कापला आणि मग त्याला हाक मारून तोंडावर विचारलं की तू माझ्यामागे का लागलायस. हात लावला नाही पण जाब विचारला. आणि शमुवेल संदेष्टा, म्हातारा झाल्यावर सगळ्या लोकांसमोर स्वतःच उभा राहिला, नव्या राजाच्या देखत, आणि म्हणाला बोला, मी कुणाचा बैल घेतलाय, कुणाचं गाढव घेतलंय, कुणाकडून लाच खाल्लीय, परत देतो. हिशेब मागायला कुणी उभंच राहायची गरज पडली नाही. असा एक पाळक आपल्या आयुष्यात बघायचाय मला.

पण एक गोष्ट तुला आवडणार नाही तरी लिहितो. आपण त्यांना पगार काय देत होतो? मुंबईत, दोन पोरं शिकत असताना? पोरीच्या लग्नात स्टेजच्या फुलांवर लाखभर घालणारी माणसं आपल्यात आहेत आणि थैलीत त्यांची दहाची नोट चार घड्या घालून पडते, मी उलगडतो ना, मला माहितीय. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आपण डोळे मिटून म्हणतो. त्यांनी १८९५ ला इथे मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्याशासारखं राहायला लागले, हे आपण प्रत्येक पाळकाला कौतुकाने ऐकवतो, जणू काही सगळ्यांनी तसंच राहावं आणि आपली वर्गणी वाचावी. टिळकांनी तो पगार स्वतःहून सोडला होता, मंडळीने कापला नव्हता. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे हेही त्याच तीमथ्याच्या पत्रात आहे. याने चोरी माफ होत नाही. घंटावाल्या मामांचा तीन महिन्यांचा पगार थकला होता त्या काळात साहेबांच्या घरी नवा एसी लागला, ते मी विसरलेलो नाही.

नवे पाळक बरे आहेत, कल्याणहून लोकलने येतात, भाषण रटाळ करतात, पण कुणी हातात पैसे दिले तर तिथल्या तिथे पावती फाडतात. मला रटाळ चालतं आता.

तर मी काय केलं. सोमवारी सरांना सांगितलं की पुढच्या महिन्यापासून पाकिटं मी भरणार नाही. मला वाटलं नोकरी जाईल, रात्रभर ईएमआयचे आकडे मांडले होते. सर हसले. म्हणाले, "एवढंच ना? अकाउंट्सची मुलगी भरेल." झालं. माझ्या अकरा वर्षांच्या ओझ्याची किंमत एवढीच निघाली, दुसऱ्या टेबलावर सरकलं. ती मुलगी चोवीस वर्षांची आहे, नवीन लागलीय. यादी पाच तारखेला तिच्यापुढे जाईल आणि त्या काउंटरवरच्या बाईचं बिल चार रुपयांनीसुद्धा कमी होणार नाही. मला हलकं वाटायला हवं होतं, नाही वाटलं. आता त्या मुलीशी काय बोलू आणि तिथे किती दिवस राहू, हे चालूये डोक्यात. हिला नोकरीचं सांगितलंय, ती "बघू" म्हणाली, पण रात्री कपाटातली पासबुकं काढून बसली होती.

पंचमंडळींनाही सगळं सांगितलं, पाकिटांचं. मला वाटलं बिस्किट परत घेतील. त्यातले एक म्हणाले, "अरे धंद्यात हे चालतंच, त्याचा चर्चशी काय संबंध?" मला वाटतं मी अकरा वर्षं हेच वाक्य शोधत होतो, आणि मिळालं तेव्हा ऐकवेना. मी अजून हो म्हटलेलं नाही. निदान वर्षभर नुसता मोजायला बसतो म्हटलंय, दुसरी सही माझी, खजिनदार दुसरा कुणी बघा.

आणि आता शेवटचं. आबांकडे वह्या ताब्यात घ्यायला गेलो होतो, शनिवारी. चर्चच्या रजिस्टरांसोबत त्यांची स्वतःची एक जुनी वही निघाली, डायरीसारखी. त्यात छपराच्या निधीचं पान आहे. काकूंनी पाटली मोडून जे पंचवीस हजार दिले होते, ज्याची पावती नाही म्हणून तुला त्या सभेत खोटं पाडलं, ते त्या पानावर आहेत, तारखेसकट. पैसे साहेबांच्या हातात दिल्यावर बाहेर आल्या आल्या काकूंनी आबांना सांगितलं होतं म्हणे, आणि आबांनी घरी जाऊन लिहून ठेवलं. मी विचारलं, आबा, मग त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात? नाडी न सोडता तासभर बसणारा माणूस तो. बराच वेळ काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत राहिले, त्या चष्म्याने आता दिसत काहीच नाही. मग म्हणाले, "तो आला तर त्याला दाखव."

वही माझ्याकडे आहे, कपाटात, वरच्या खणात. पानाचा फोटो काढून पाठवणार होतो पण नाही काढला. तू उपासनेला येऊ नकोस, मी बोलावत नाहीये, रविवारी पावणेअकराला ये, लोक पांगल्यावर, मागच्या खोलीत. वही घेऊन येतो. मोजायला दुसरा माणूस अजून मिळालेला नाही.

काकूंना सलाम सांग.

तुझा,
पक्या