पिंजऱ्याला सुती दोरी बांधा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कयाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) घेऊन हौसेने गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला जाणारी मंडळी आता आमच्या भाट्याच्या खाडीतही दिसू लागली आहेत. मीही त्यांतलाच, त्यामुळे बरंच वाटतं. पण खरेदीच्या वेळी सगळी चर्चा कयाक, रॉड आणि रीळ यांचीच होते. कुर्ल्यांचा पिंजरा मात्र ऑनलाइन जो स्वस्त दिसेल तो मागवतात.

असाच एक नायलॉनचा घडीचा पिंजरा परवा ओहोटीला कांदळाच्या मुळांत अडकलेला सापडला. दोर तुटलेला, बोया गायब. आत दोन कुर्ल्या मरून पडलेल्या. तिसरी जिवंत होती, पण नांगी जाळ्यात अशी गुंतलेली की सुरीने जाळं कापून तिला सोडवावं लागलं. नायलॉन कुजत नाही. आत मेलेल्या कुर्लीच्या वासाने पुढची आत शिरते, आणि धनी नसलेला पिंजरा जीव घेतच राहतो.

माझा पुतण्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असतो. तिथे प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीत हौशी माणसालासुद्धा पिंजऱ्याचं झाकण किंवा जाळ्यातली निसटवाट बांधायला सुती दोरी वापरावीच लागते, तीही १/८ इंचापेक्षा जाड नको. पिंजरा हरवला तर दोरी कुजते आणि वाट मोकळी होते. लहान खेकडे निसटावेत म्हणून सव्वाचार इंची किमान दोन कड्या लागतात. बोयाचा दोर पाण्यावर तरंगता कामा नये, नाहीतर तो होड्यांच्या पंख्यात अडकतो. आपल्या बाजारातला स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा दोर नेमका तरंगतो, तेव्हा त्याला वजन बांधा.

कयाकवरून जाणाऱ्याला खरं तर लोखंडी कडीचं उघडं जाळंच पुरतं. जागा कमी लागते, आणि ओढेपर्यंत कुर्ली हवी तेव्हा निघून जाऊ शकते. एक मात्र कधीच करू नका: जाळ्याचा दोर कयाकला बांधू नका. तळाशी जाळं अडकलं आणि ओहोटीची ओढ लागली की कयाक उलटते. हवेची कयाक तर इथे घेऊच नये, खडपावरची कालवं तिला ब्लेडसारखी चिरतात. लाइफ जॅकेट अंगात हवं, कयाकच्या मागे बांधलेलं नव्हे.

रत्नागिरीतल्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. पिंजरा विकताना सोबत सुती दोरीची एक गुंडी द्या, आणि ती कुठे बांधायची तेही गिऱ्हाइकाला दाखवा.

– एक वाचक, भाट्ये, रत्नागिरी